मुलुंडची पाठराखीण

वैशाख अर्धा सरला होता. मुलुंडात सकाळी सातलाच मानेवरून घामाची धार लागत होती, आणि वाऱ्याने या बाजूला यायचंच सोडलं होतं. सगळी इमारत उन्हाच्या नावाने बोटं मोडत होती. कमलमावशी तेवढी उन्हाच्या मागे मागे फिरत होती. समोर नवा टॉवर उभा राहिल्यापासून तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ऊन पाहुण्यासारखं यायचं आणि दहाच्या सुमाराला टॉवरच्या आड गेलं की गेलं. तेवढ्यात कोकमाची सोलं उरकायची होती.

रतांबे गावाहून भावाने पाठवले होते. मावशीने ते फोडून बिया काढल्या होत्या, मीठ घालून रसाचं आगळ केलं होतं, आणि आता परातीतल्या त्या आगळात सालं बुडवून, पिळून, सुपात पसरत होती. वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुटावर पुट. हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते. "बाजारात मिळतात की हो," असं शेजारच्या बायका दरवर्षी म्हणायच्या आणि मावशी दरवर्षी तेच सांगायची, "मिळतात. बाजारात मुलगेपण मिळतात. पुटं किती दिलीत, ते विचारून घ्या."

तेवढ्यात फोन वाजला. मावशीने कोपराने स्पीकर लावला.

"कमलताई, पुस्तक मिळालं हो!" बोरिवलीच्या माणिकताई होत्या. मागच्या दिवाळीत त्यांच्या भाचीचं मावशीने जमवून दिलं होतं. "काय सुरेख चित्रं! आमच्या नातवाने तर तुम्हाला लगेच ओळखलं."

"मला? मी कुठे आहे त्यात?"

"अहो, म्हणजे काय! तो म्हणतो, आजी, ही बघ मंथरा, ही तर बॅनरवरची मावशी. हौस म्हणायची पण तुमची!" माणिकताई खो खो हसल्या. "बरं आमच्या दुसऱ्या भाचीचं मी जरा थांबवते हं. तसं काही नाही. सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत ना, म्हणून."

फोन बंद झाला. मावशीच्या हातातून आगळ टपटप गळत राहिलं.

मंथरा?

मावशी म्हणजे अख्ख्या नवघर रोडची मावशी. गॅलरीच्या ग्रिलला 'कमल वधू-वर सूचक केंद्र' असा बॅनर होता आणि त्यावर मावशीचं रंगवलेलं चित्र. ठसठशीत कुंकू, कानात कुड्या, नाकाच्या डाव्या अंगाला तीळ, पदर कमरेला खोचलेला, हात जोडलेले. चित्र भाच्याने काढलं होतं, चैतन्यने. तो अंधेरीला एका स्टुडिओत कार्टूनच्या मागचे डोंगर, झाडं, ढग रंगवायचा. बॅनरसाठी त्याने मावशीचे मोबाइलवर फोटो काढले होते, ढिगाने. "मावशी, इकडे बघ. मावशी, हस. मावशी, आता रागाव." मावशीला वाटलं, एका बॅनरला एवढी मेहनत घेतो, पोर गुणी आहे.

मग त्या पोराचं पुस्तक आलं. चित्रांचं, रंगीत, गुळगुळीत कागदाचं. नाव, 'अयोध्येचा मागचा दरवाजा'. वर दिव्यांनी उजळलेला राजवाडा. भाच्याचं पहिलं पुस्तक, तेही रामायणातलं! मावशीचा ऊर भरून आला. चैतन्य म्हणाला, "मावशी, आधी वाच तू." मावशी म्हणाली, "वाचते रे, चष्मा सापडला की." चष्मा काही सापडला नाही आणि खाटेखाली पुस्तकांचा खोका मात्र समोरच होता. ज्याचं जमत आलंय, जमलंय, जमेलसं वाटतंय, अशा प्रत्येक घरी मावशीने एकेक प्रत न उघडताच पोचवली. नारळ, साखरेची पुडी आणि वर पुस्तक. शुभकार्याच्या घरी रामायणाहून चांगलं काय द्यायचं? घाटकोपरच्या सुनंदाताईंना तर तिने स्वतःच्या हाताने दिलं, पुस्तकाला कुंकू लावून.

दुसरा फोन त्यांचाच आला.

"कमलताई, आज संध्याकाळी बैठक आहे आपली."

"हो हो, चंद्रप्रकाशभाऊ दर्शनाला घेऊन सहाला पोचतात, मी त्याच्या आधीच..."

"या. तारखेचं बोलायचं की नाही, ते मी नंतर बघते. आधी तुम्ही त्या पुस्तकाचं सांगा. माझ्या घरातलं पुस्तकात कसं गेलं ते सांगा. आणि ऐका, मंथरेच्या हातची सोयरीक मला माझ्या मुलाला नकोय. मंडळात बायका विचारायला लागल्यात मला."

मंडळात म्हणजे पंतनगरच्या महिला मंडळात. तिथे सुनंदाताईंनी एकदा नाव ठेवलं की घाटकोपरपासून भांडुपपर्यंतच्या मालवणी घरांमधून मावशीचा पाय कायमचा निघाला असता. आणि सुनंदाताईंच्या धाकट्याशी दर्शनाचं ठरता ठरता मोडलं असतं ते वेगळंच. आई गेलेली पोर. तिच्या बापाने, चंद्रप्रकाशने, मावशीवर सगळं सोपवून टाकलं होतं.

मावशी तशीच लाल हातांनी आत गेली. चैतन्य रविवारचा उताणा झोपला होता. रागावली की मावशीची भाषा थेट मालवणला जायची.

"ऊठ! ऊठ मेल्या! ह्यां काय करून ठेवलंस?"

चैतन्यने डोळे उघडले. समोर पदर खोचलेली, केस सुटलेली, मनगटापर्यंत लाल झालेली मावशी. तो भिंतीला टेकला. "रक्त? मावशी, रक्त कसलं?"

"रक्त नाय, आगळ! तुझ्या रक्ताचां नंतर बघतंय. पुस्तक दाखव."

त्याने उशाखालून पुस्तक काढून उघडलं. चष्मा नव्हता तरी मावशीला दिसलं. न दिसायला काय झालं? पानभर तीच होती. तेच कुंकू, त्याच कुड्या, तोच तीळ, पदर तसाच खोचलेला. फक्त पाठीवर हे एवढं कुबड.

"ह्यां नाक माझां. ह्यो तीळ माझो. माका कुबड खय आसा रे?"

"अगं, तू खाटेखाली चष्मा शोधत होतीस ना त्या दिवशी, वाकून, तो फोटो..."

"तो फोटो काढलंस?"

"तो सगळ्यांत झकास आला होता, यार."

"यार कोणाक म्हणतंस!" मावशीने खाटेवर बसकण मारली आणि चादरीला दोन लाल पंजे उमटले. "अरे, जगात एवढ्या बाया. माझोच चेहरो मिळालो तुका? आणि मंथरा? आगलावी! लोकांची घरां बांधूचां माझां काम, आणि तू माका घरफोडी करून वाटूक दिलंस!"

"मी वाटायला दिलं?" आता चैतन्यही ताठ झाला. "तू वाटलंस! मी म्हटलं होतं, आधी वाच. तू जो खोका उपसत सुटलीस, मला वाटलं, तुला आवडलं. मी ऑफिसात सांगितलं सगळ्यांना, मावशीला आवडलं म्हणून."

मावशी आणखीच चिडली.

"आणि मावशी, ती वाईट नाहीये यात. तीच हिरो आहे. सगळी गोष्ट तिच्या बाजूने आहे. असं करतात आता. ऊर्मिला, हिडिंबा, शूर्पणखा, ज्यांचं कोणी ऐकलं नाही त्यांच्या..."

"हिरो आसा तर कुबड कित्याक दिलंस?"

"ते शेवटी कळतं गं. वाच तरी."

"सुनंदाताईक सांगू, शेवटी कळतं म्हणून?"

मावशीने चष्मा शोधला. खाटेखाली वाकून. वाकल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने मागे वळून बघितलं, तर चैतन्यने शहाण्यासारखे दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते.

घाटकोपरची बस हायवेला लागली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. खिडकीतून येणारा वारा इस्त्रीसारखा. मावशीने चष्मा चढवला, पुस्तक पिशवीच्या आडोशाला धरलं, कारण शेजारच्या बाईने ओळखलं असतं तर, आणि पहिलं पान उघडलं.

पहिल्या पानावर कैकेयीचा रथ होता, सजवलेला. रथामागे एक बैलगाडी. गाडीत पेट्या, गाद्या, समया, आणि समयांमध्ये दाटीवाटीने बसलेली एक परकरी पोर, मांडीवर बोचकं. वर लिहिलं होतं, 'राजकन्येबरोबर माहेरची एक पाठराखीण जाते. चार दिवस राहते. राजकन्या रुळली की परत येते.'

मावशीने पुस्तक मिटलं.

मग परत उघडलं.

तिच्या थोरल्या बहिणीचं, शेवंतीचं लग्न झालं तेव्हा कमल अशीच होती, नुकती परकरातून साडीत आलेली. नवरी सासरी निघाली की माहेरची एक बाई पाठराखीण म्हणून सोबत द्यायची, ही गावची रीत. नव्या घरात नवरीला पाणी कुठे, मोरी कुठे, हे विचारायला एक हक्काचं माणूस असावं म्हणून. कमल बोचकं घेऊन मुलुंडला आली ती चार दिवसांसाठी. शेवंतीची सासू कडक, म्हणून आणखी चार दिवस राहिली. मग शेवंतीला दिवस गेले. मग तिच्या सासऱ्याला अर्धांगवायू झाला. मग भावोजींची गिरणी बंद पडली आणि घरात काहीतरी यायला हवं, म्हणून कमलने याच्या पोरीची त्याच्या पोराशी गाठ घालून द्यायला सुरुवात केली. मग चैतन्य मोठा व्हायला लागला. सासू गेली, सासरा गेला, भावोजी गेले, शेवटी शेवंतीही गेली. गावाहून भाऊ विचारायचा, "कमळे, कधी येतंस?" ती म्हणायची, "चार दिवसांत." हे सगळं तिने चैतन्यला हसत हसत सांगितलं होतं, केव्हातरी, तांदूळ निवडता निवडता. ते हा मेला ऐकत होता!

ती पानं उलटत गेली. त्यातली मंथरा कैकेयीला उटणं लावत होती, तिच्या पलंगाखाली पडलेले बाजूबंद वाकून शोधत होती, भरताला पाठीवर घेऊन फिरवत होती. पाठ दर पानाला थोडी वाकत होती. कुबड आधी नव्हतंच. इतकं हळूहळू आलं होतं, की कुठल्या पानापासून ते मावशीला मागे जाऊनही सापडेना.

मग ती मेजवानी आली. सगळी राणीमंडळी जेवतायत, आणि खांबाला टेकून एक धाकटी सून ओगराळं घेऊन उभी आहे. तिच्या बाजूला पिवळं आसन, रिकामं. म्हणजे रिकामं नाहीच, त्यावर घडी घातलेल्या शेल्यांची चळत. मंथरा कैकेयीच्या कानाशी लागून म्हणत होती, 'सगळे पेढे वाटतायत. पण ही कधी बसली ते कोणी बघितलं का? तुझं आसन कुठलं, ते आधी विचारून ठेव.'

"आई गं," मावशी बसमध्ये मोठ्याने म्हणाली.

शब्द न् शब्द तिचा होता. सुनंदाताईंचं घर. त्यांच्या थोरल्याचं लग्नही मावशीनेच जमवलं होतं, चेतना नावाच्या गोड पोरीशी. पुढे बारशाला गेली तेव्हा मावशीने बघितलं. पंगत उठेपर्यंत चेतना फ्रिजला टेकून उभी. बाजूला पिवळी खुर्ची, तिच्यावर इस्त्रीचे कपडे. पोर बाळंतपणातून उठलेली, या पायावरून त्या पायावर होत होती. मावशी तिथे म्हणाली, "छान झालं हो बारसं." आणि घरी येऊन खाटेवर बसून, पाय चेपत, चैतन्यला सगळं बोलली. तिची ही पद्धतच होती. बाहेर साखर, घरी मीठ. बाहेर मीठ काढलं तर धंदा कसा व्हायचा?

आता ते सगळं मीठ तिने स्वतःच नारळासकट घरोघर पोचवलं होतं.

सुनंदाताईंच्या घरी पंखा कुरकुरत होता. सुनंदाताई सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या, एका बाजूला त्यांचे यजमान टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं बघत होते. धाकटा मुलगा सौरभ समोर. चंद्रप्रकाश आणि दर्शनाही आले होते. दर्शना एका लॅबमध्ये रक्त तपासायची. हिरवा कुडता घालून ती सरळ बसली होती. आणि फ्रिजला टेकून चेतना. बाजूला पिवळी खुर्ची, खुर्चीवर कपडे. मावशीला वाटलं, निदान आज तरी उचलून ठेवायचे होते!

टीपॉयवर पुस्तक होतं, त्या पानाशी उघडलेलं.

"ही खुर्ची कुठली?" सुनंदाताईंनी बोट ठेवलं.

"खुर्ची नाही हो, आसन आहे ते. राजवाड्यातलं."

"पिवळं आहे."

"सोन्याचं असेल."

"कमलताई, मला शिकवू नका. हा खांब नाही, हा माझा फ्रिज आहे. आणि ही तुम्ही. माझ्या घरी जेवून गेलात, बाळाच्या हातावर शंभराची नोट ठेवलीत, आणि घरी जाऊन हे?"

"अहो, पोरगा चित्रं काढतो. त्याने कुठलं ऐकलं, कुठे लावलं, मला काय ठाऊक? मी तर वाचलंपण नव्हतं."

"न वाचता वाटलंत?"

"रामायण आहे म्हणून वाटलं!" मावशी जवळजवळ ओरडली. "रामायण काय वाचून वाटतात?"

चंद्रप्रकाश घसा साफ करत म्हणाला, "मी काय म्हणतो, आपण तारखेचं..."

"थांबा हो," सुनंदाताई म्हणाल्या. "चेतना, पाणी दे सगळ्यांना."

चेतनाने ट्रे फिरवला. परत जाऊन फ्रिजला टेकली. दर्शनाने पाण्याचा पेला हातात धरला, पण पाणी प्यायली नाही. तिने पुस्तकाकडे बघितलं. मग खुर्चीकडे. मग चेतनाकडे. मावशीला ते बघणं दिसलं, आणि तिने मनातल्या मनात हिशेब केला, की आता दोन्हीकडून गेलं. इकडून सुनंदाताई, तिकडून दर्शना. पंखा कुरकुरत होता. गुडघा ठणकत होता. घरी सोलं तशीच राहिली होती. सुनंदाताई बोलतच होत्या, घराची अब्रू, मंडळातल्या बायका, हल्लीची पोरं देवादिकांचं काय करून ठेवतात. आणि त्या सगळ्यामागे चेतना या पायावरून त्या पायावर होत होती. डावा, उजवा. डावा, उजवा. मावशीला दुसरं काही दिसेना.

"अगं चेतना, बस ना गं बाई एकदाची!"

मावशी उठली होती. तिने खुर्चीवरची कपड्यांची चळत दोन्ही हातांनी उचलली, इकडे तिकडे बघितलं, ठेवायला जागा मिळेना, तशी सौरभच्या मांडीवर आदळली. "धर रे हे. तुझेच शर्ट दिसतायत." आणि खुर्चीवर थाप मारली. "बस. डोळे दुखले माझे तुला बघून. कधीपासून दुखतायत!"

चेतनाने सासूकडे बघितलं.

"मी काय बांधून ठेवलंय तिला?" सुनंदाताईंचा आवाज चिरकला. "बस की! मी अडवलंय? आणि मला कोण म्हणालं होतं, बस म्हणून? सासूबाई होत्या तोवर या घरात मी पाठ टेकून चहा प्यायले नाही. माझ्या वेळी कुठे होता तुमचा डोळा?"

"तेव्हा मी तुमच्याकडे येत नव्हते हो. आले असते तर तुम्हालाही म्हटलं असतं."

हे साफ खोटं होतं. तेव्हा आली असती तर पेढा तोंडात धरून, छान हो छान, म्हणून निघाली असती, हे मावशीला चांगलं ठाऊक होतं. पण सुनंदाताईंनी ते ऐकलं आणि त्यांची मान थोडी खाली झाली, जणू कोणीतरी उशिरा का होईना, त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली होती.

चेतना बसली. अगदी कडेला, उठायच्या तयारीत.

सौरभने मांडीवरच्या शर्टांकडे बघितलं, आईकडे बघितलं, दर्शनाकडे बघितलं आणि चळत घेऊन उठला. "चहा मी टाकतो," म्हणून आत गेला. क्षणाने आतून आवाज आला, "वहिनी, साखर कुठेय?"

चेतना अर्धी उठली.

"बस!" मावशी आणि सुनंदाताई एकदम म्हणाल्या. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

"शोधेल तो," सुनंदाताई म्हणाल्या. "डोळे आहेत त्याला."

यजमानांनी टीव्हीही बंद केला.

"मी एक विचारू का?" दर्शना म्हणाली. ती आल्यापासून पहिल्यांदा बोलत होती. "पुस्तकात कैकेयीसोबत ती जाते ना, पाठराखीण. मला आई नाही. लग्न ठरलं तर माझ्यासोबत कोण येणार?"

"कुठे येणार?" सुनंदाताईंना कळेना. "अगं, मुलुंड ते घाटकोपर! आता कोण पाठवतं पाठराखीण?"

"मला हवीय. चार दिवस. कमलमावशी येतील."

मावशीच्या हातातला पेला तिरपा झाला. "मी? ए पोरी, मला न विचारता..."

"ह्या?" सुनंदाताई उसळल्या. "ह्या चार दिवस माझ्या घरात राहणार? माझ्या फ्रिजजवळ? आणि पाचव्या दिवशी त्यांच्या भाच्याचा दुसरा भाग निघणार!"

"मलाही नकोय हो!" मावशी त्यांच्या वरताण ओरडली. "गुडघे बघा माझे. खाली बसले तर उठवायला दोघं लागतात. आणि मी एकदा चार दिवसांसाठी गेले होते मुलुंडला, बहिणीबरोबर. अजून परत जायचीय!"

कोण आधी हसलं ते कळलं नाही. बहुतेक चेतना. खुर्चीच्या कडेवर बसल्या बसल्या तिच्या तोंडून फुस्कन आवाज निघाला आणि तिने पदर तोंडाला लावला. मग चंद्रप्रकाश हसला. सुनंदाताईंनी ओठ घट्ट मिटून बघितले, पण ते काही राहिले नाहीत.

"मग माझ्याकडून परत जाल कशावरून?"

"सोलं उन्हात टाकून येईन. परत जावंच लागेल."

सौरभ चहा घेऊन आला. साखर सापडली होती आणि तीच तेवढी सापडली असावी, इतका गोड. सुनंदाताईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कप खाली ठेवला आणि पुस्तक मिटून टीपॉयच्या खालच्या कप्प्यात सरकवलं.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी मी स्वतः रिक्षात बसवून देणार. आणि तुमच्या भाच्याला सांगा, खुर्चीचा रंग बदल म्हणावं. भाऊ, तुम्ही तारखेचं काय म्हणत होता?"

दर्शना आता पाणी प्यायली.

मावशी घरी आली तर इमारतीच्या जिन्यात पोरं खेळत होती. "मंथरामावशी आली, मंथरामावशी आली!" म्हणून वर पळाली. माणिकताईंच्या नातवाने ठेवलेलं नाव बोरिवलीहून इथवर पोचलं कसं, ते देव जाणे. मावशीने चप्पल उचलून दाखवली. नाव चिकटलं होतं, आता ते सोलाच्या डागासारखं धुऊन जाण्यातलं नव्हतं.

चैतन्य दारातच उभा होता. "मोडलं?"

"मोडूक काय झालां? जमलां! आणि माका चार दिवस घाटकोपराक जावचां आसा, गुडघे घेवन. सगळां तुझ्यामुळे!" मावशीने पिशवी खाटेवर फेकली.

"मावशी, ऐक ना. दुसरी आवृत्ती निघेल बहुतेक. मी चेहरा बदलतो. प्रकाशकांशी बोललोय मी. दुसऱ्या कोणाचा तरी घालतो."

मावशी पदराने मान पुसत राहिली. शेवटचं पान तिने बसमध्ये, येताना बघितलं होतं. रिकाम्या झालेल्या राजवाड्याच्या मागच्या दरवाज्यात मंथरा उभी आहे, काखेत तेच बोचकं, समोर माहेरची वाट. ती जाते की नाही, ते मेल्याने काढलंच नव्हतं.

"दुसऱ्या कोणाचो कित्याक?" ती म्हणाली. "तिच्या पाठीत एवढी वर्षां गेली, आणि आयत्या वेळी नाक दुसऱ्या बाईचां? काय नको. कुबड तेवढां जरा कमी कर. आणि खुर्ची निळी कर."

"निळी?"

"निळी. पिवळी केलंस तर मगे बघ."

ती गॅलरीत गेली. ऊन केव्हाच गेलं होतं. दिवसभर कोणी उलटलीच नव्हती, त्यामुळे सोलं वरून कडकडीत आणि खालून ओलसर झाली होती. एका कोपऱ्यात कावळ्याने चोच मारून सालं विसकटली होती. चैतन्य दिवसभर घरात होता आणि त्याच्या नजरेला यातलं काहीही पडलं नव्हतं. मावशीने एक सुस्कारा टाकला, परात पुढे ओढली, आगळ ढवळलं आणि सुपातली सालं मूठ मूठ त्यात सोडली. एवढ्या वेळात जरा पांढरे झालेले हात पुन्हा लाल झाले. कमरेत वाकून ती एकेक साल पिळायला लागली.

पाठीमागे हालचाल झाली.

"चैतू," मान न वळवता ती म्हणाली, "मोबाइल खाली ठेव. आणि दुसरां सूप आण."